कोहळ्याला चिलखत नसतं

३ ऑगस्ट, रविवार
आणि वर म्हणतात, मोबाईलमधल्या तलवारीनं कोणाचं पोट भरलंय का! मागच्या फोनला हेच, त्याच्या मागच्या फोनलाही हेच. बाबांना शंभरदा सांगितलं की हा नुसता गेम नाही, सिम्युलेशन आहे. खऱ्या शस्त्राचा हिशोब आहे. तर म्हणतात, खरं शस्त्र घरात आहे, ये आणि त्याच्या म्यानाला तेल लाव. मी फक्त एवढंच विचारलं की तुम्ही जन्मभर टेलर लोकांच्या कात्र्यांना धार लावून कोणाचं पोट भरलं? साधा प्रश्न होता. त्यांनी फोन ठेवला. आता यात माझी चूक काय?

आजपासून डायरी. मोठी माणसं लिहितात. मराठीत लिहायची, म्हणजे राजवीरला कळणार नाही. राजवीर माझा रूममेट, धर्मशाळेत पाणी तापवतो. अक्षरं त्याला वाचता येतात पण मराठी वाक्य आलं की दुसऱ्या ओळीत झोपतो. मीही आठवीपर्यंत हिंदी मीडियम, त्यामुळे मलाही झोप येते, पण स्वतःचं लिहिलेलं असलं की नाही येत.

रेकॉर्डसाठी : नाव यशराज. गाव देवास. सध्या मुक्काम मोहनखेडा या जैन तीर्थाजवळची एक धर्मशाळा, गादी-रजई विभाग. देवासहून इथे यायला तीन बस बदलाव्या लागतात. म्हणजे जवळजवळ परदेशच.

४ ऑगस्ट
गेमचं नाव 'रणसिम'. यात शस्त्र विकत मिळत नाही, बनवावं लागतं. धार, वजन, वेग, पकड, टिकाऊपणा, चमक असे सहा गुण. पॉइंट तुमच्याकडे ठरावीक, कुठे घालायचे ते तुम्ही ठरवा. मग मैदानात एक पुतळा असतो, त्याला हाणा, डोक्यावर डॅमेजचा आकडा येतो.

राजवीर पॉइंट सगळीकडे थोडे थोडे वाटतो. भिकाऱ्यासारखे. मी सगळे धारेत आणि चमकेत घातले. पकड शून्य, टिकाऊपणा शून्य. राजवीर म्हणे, भिया, पहिल्याच वाराला तुटेल ना तुझी. मी म्हटलं, पहिल्या वारातच समोरचा मेला तर तुटली काय आणि राहिली काय. तो पाणी तापवायला गेला.

हे डोकं मला रक्तातून आलंय. आमचे पूर्वज दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आले ते सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात. सगळ्या तलवारी आमच्या हाताखालून जायच्या. राजवीरचे पूर्वज काय करत होते ते त्यालाही माहीत नाही.

७ ऑगस्ट
चौदा सप्टेंबरला इंदूरमध्ये रणसिमची टूर्नामेंट. पहिलं बक्षीस एक लाख. मी जिंकणार हे नक्की आहे, फक्त शस्त्र पाहिजे. 'उल्का पोलाद' नावाचं पातं आहे, धार डबल. पण ते पैसे देऊन घ्यावं लागतं. शिवाय माझा फोन अडकतो.

प्लॅन तयार आहे. पूर्ण लिहीत नाही. एवढंच लिहितो की राजगढच्या बाजारातून नवरदेवाची तलवार घेतली, वरातीत धरतात ती. दुकानदारानं विचारलं, लग्न कधी? मी म्हटलं, लवकरच. पात्यावर मुठीजवळ 'शुभ विवाह' कोरलंय. पॉलिश पेपरनं घासलं, पूर्ण जात नाही. वर शेंदूर थापला की कोणाला दिसतंय.

१० ऑगस्ट, देवास
काल राखी. आज काम फत्ते.

आमच्या घरच्या तलवारीची रीत अशी : खंडेनवमीला पूजा झाली की बाबा तिला धार लावतात, तेल देतात, म्यानात घालतात आणि मुठीला सूत गुंडाळून गाठ मारतात. मग वर्षभर कोणी उपसायची नाही. उपसली तर तिनं काहीतरी कापलंच पाहिजे, तशी परत म्यानात जात नाही. पुढच्या खंडेनवमीला जुन्या दरबारी घराण्यांतली सगळी माणसं जमतात, बाबा लाल पगडी घालतात, सूत तोडतात आणि एका वारात कोहळा कापतात. एकाच वारात. दोन लागले तर मान दुसऱ्या दरबारी घराण्यातल्या शिवाजीरावकाकांकडे जाणार, पगडीसकट. काका चाळीस वर्षं त्याचीच वाट बघतायत. बाबांना दोन वार कधी लागलेले नाहीत.

म्हणजे पुढच्या नवमीपर्यंत ते पातं नुसतं बसून खाणार. दीड महिना रिकामं बसायचं त्यानं, आणि इथे मी पात्यासाठी तडफडतोय. याला इन्व्हेस्टमेंटची अक्कल म्हणतात का?

बाबा टेकडीवर दर्शनाला गेले, अंजूताई पिको-फॉलच्या साड्या द्यायला गेली. मी मूठ गॅसवर धरली. आत लाख भरलेली असते, ती वितळली की पातं आपोआप सुटतं. लहानपणी बाबांनीच मांडीवर बसवून दाखवलं होतं. शिकलेलं वाया जात नाही म्हणतात ते खरं. नवरदेवाचं पातं मुठीत बसवलं. लाख परत भरायला वेळ लागतो, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं दोन ट्यूबवालं चिकट भरलं. म्यानात थोडं हलतं. सूत गुंडाळलं, गाठ मारली. ताई आली तर म्हणे जळका वास कसला? मी म्हटलं, दूध उतू गेलं. तिनं गॅस पुसला.

एक अडचण आली होती. जुनं पातं उपसलं म्हणजे काहीतरी कापायला हवं. जवळ काहीच नव्हतं. मग हातातली राखी कापली. नुसतं टेकवलं तर गळून पडली, कळलंही नाही. तशीही टोचत होती.

बाबा टेकडीवरून आले. मला डोळ्यांजवळ धरून बघितलं, मोतीबिंदू पिकलाय त्यांचा. ऑपरेशन दसऱ्यानंतरच करणार म्हणतात. आधी कोहळा, मग डोळा. ताई चिडते, पण त्यांचं एकच, की वर्षात माझा एक दिवस असतो, त्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून बसू काय.

ठरवलं : बक्षिसातून बाबांचं ऑपरेशन मी करणार. इंदूरच्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात.

१२ ऑगस्ट
पातं इंदूरच्या एका जुन्या वस्तूंच्या शौकिनाकडे ठेवलं. विकलं नाही, ठेवलं. त्याला सांगितलं की सप्टेंबरमध्ये परत घेणार. तो हो हो म्हणाला. दोनदा म्हणाला, म्हणजे पक्कं. कागद वगैरे मागितला नाही, मोठ्या व्यवहारात विश्वास असतो. किती दिले ते लिहीत नाही, भिंतीला कान असतात.

नवीन फोन आला. उल्का पोलाद आलं. पुतळ्यावर पहिला वार : एकशे चाळीस! राजवीरचं तोंड बघण्यासारखं झालं. नंतर म्हणाला, पैसे कुठून आले भिया? मी म्हटलं, घरचे आहेत. खोटं नाही.

१९ ऑगस्ट
उद्यापासून पर्युषण. धर्मशाळा फुल्ल. दिवसभर गाद्या. इथले मुनीमजी, म्हणजे ऑफिस बघणारे म्हातारे, चालताना खाली बघून चालतात, मुंगी मरू नये म्हणून. माझ्या फोनमधून तलवारीचा खणखणाट आला तर थांबले. म्हणाले, बेटा, दिवसभरात किती मारतोस? मी अभिमानानं म्हटलं, दोनशे तरी. ते आणखी खाली बघत चालू लागले. इम्प्रेस झाले असावेत.

२ सप्टेंबर
प्रॅक्टिस. गाद्या राजवीर उचलतो, त्याची पाठ चांगली आहे.

ताईचा फोन. नवमीला दोन दिवस आधी ये म्हणाली. म्यान धरायला मुलगा लागतो. उद्या मान तुझ्याकडेच येणार, यशा, बाबांच्या हाताखाली उभा राहा, शीक. मी म्हटलं, आधी इंदूर जिंकू दे. ती म्हणे, इंदूर कुठे पळून चाललंय? तिला काय कळणार.

१४ सप्टेंबर, इंदूर
लिहायची इच्छा नाही.

१५ सप्टेंबर
नेटवर्क. दुसरं कारणच नाही. सगळे लोक त्या हॉलमध्ये एकाच वाय-फायवर.

पहिली फेरी. समोर कॉलेजचा एक चष्मेवाला. त्याच्या हातात तलवारसुद्धा नव्हती. सोटा होता. लाकडी सोटा! पकड आणि टिकाऊपणा फुल, धार शून्य. मी मनातून हसलो. वार केला. त्यानं सोटा आडवा धरला. माझं उल्का पोलाद पहिल्याच ठोक्याला तुटलं आणि मूठ हातातून उडाली. मग तो मला सोट्यानं मारत राहिला. हळूहळू. लोक टाळ्या वाजवत होते. शेवटी त्यानं हात मिळवला आणि समजावून सांगायला लागला की भैया, धार म्हणजे फक्त कागदावरचा आकडा. पातं वाकलं किंवा मूठ सुटली तर जोर समोरच्यापर्यंत पोचतच नाही, धारेला शून्यानं गुणलं जातं. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी सिलेखान्याचा आहे. तो म्हणे, कुठला खाना? तिथेच निघालो.

येताना बस धार गावात थांबल्यावर राजवीर म्हणाला, भिया, कचोरी खाशील? दया दाखवतो मला. मी पैसे त्यालाच द्यायला लावले.

१६ सप्टेंबर
इंदूरच्या शौकिनाला फोन केला. म्हटलं, पातं थोडे दिवस आणखी ठेवा, हप्त्याहप्त्यानं सोडवतो. तो म्हणाला कोणतं पातं? मग आठवलं त्याला. म्हणे, त्याचे मधून दोन तुकडे केले, दोन जंबियांच्या मुठीत बसवले. तलवारीपेक्षा जंबियाला गिऱ्हाईक जास्त. एक गेलासुद्धा, बाहेरगावचा पाहुणा घेऊन गेला. मी म्हटलं, आपलं ठरलं होतं ना? तो म्हणाला, काय ठरलं होतं?



पण नीट बघितलं तर आधी एक शस्त्र होतं, आता दोन झाली. वंश वाढला. आमच्या घराण्याचं पोलाद दुनियेत चाललंय. घरात ते खुंटीवर लटकत होतं.

१७ सप्टेंबर
प्रश्न फक्त एकच उरतो, कोहळा. हा प्रश्न भावनेनं नाही, हिशोबानं सोडवायचा.

रणसिममध्ये पुतळ्याचे गुण बदलता येतात. मी पुतळ्याचा कोहळा केला. चिलखत शून्य, कारण कोहळ्याला चिलखत नसतं. जीव चाळीस ठेवला. नवरदेवाच्या पात्याची धार किती टाकावी? पन्नास टाकली. खरी माहीत नाही, पण पन्नास म्हणजे मधोमध, कोणावर अन्याय नको. वजन कमी, पण मग वेग जास्त. टिकाऊपणा आणि पकडचा रकाना रिकामा सोडला, त्यात टाकलं की आकडा खाली येतो. वार केला : दोनशे बारा. कोहळा पाच वेळा मेला!

राजवीरला दाखवलं. म्हणे, भिया, गेममध्ये जे तू भरशील तेच निघेल ना. आणि कोहळ्याची साल बघितलीये? पिकलेल्या कोहळ्याला आमची माय कुऱ्हाड लावते. मी म्हटलं, तुझी माय सिलेखान्यात नव्हती.

१८ सप्टेंबर
प्रत्यक्ष चाचणी. नवरदेवाचं पातं देवासला म्यानात, त्याची मूठही तिथेच फेकलेली, म्हणून खिडकीची लोखंडी पट्टी घेतली. कोहळा नाही मिळाला, भोजनशाळेतला दुधी घेतला. भोपळ्याच्या जातीचाच, लांबचा भाऊ. अंगणाच्या मागे ठेवून एक वार. दोन तुकडे! सरळ! सिद्ध झालं!

मागे मुनीमजी उभे. मला वाटलं दुध्याचे पैसे मागणार. ते तुकड्यांकडे बघत राहिले. म्हणाले, भाजीसाठी कापला असतास तर भाजी होती. तू मारायला कापलास. मी म्हटलं, मुनीमजी, दुधीच आहे. ते म्हणाले, दुध्याला काही झालं नाही बेटा. मला तुझी काळजी वाटते. आणि वर तीन दिवसांचा पगार कापला. काळजी वाटते तर पगार कशाला कापायचा?

२२ सप्टेंबर, घटस्थापना
ताईचा फोन. आज बाबांनी तलवार खुंटीवरून काढून देवाजवळ ठेवली. उपसली नाही अर्थात. ताई म्हणाली, बाबा आज फार खूश आहेत. तलवार हातात घेतल्याबरोबर म्हणाले, अगं, ही यंदा हलकी लागते. मनगटात अजून जोर आहे माझ्या. गेल्या वर्षी जड वाटली म्हणून मनात धास्ती घेतली होती त्यांनी, कोणाला बोलले नव्हते. आता गल्लीत सगळ्यांना सांगत फिरतायत. शिवाजीरावकाकांना घरी जाऊन सांगून आले की पगडीची खुंटी काढून टाका, अजून दहा वर्षं तरी लागणार नाही.

बघा! सत्तरीच्या माणसाचा कॉन्फिडन्स कोणामुळे वाढला? पण सांगायची सोय नाही. चांगलं काम करणाऱ्याला गप्पच राहावं लागतं.

२५ सप्टेंबर
ताई सांगते, बाबा सकाळी अंगणात झाडूचा दांडा घेऊन वाराची प्रॅक्टिस करतात. शेजारची माणसं चहा घेऊन बघायला बसतात. बाबांनी सगळ्यांना नवमीचं आमंत्रण दिलंय. काकांचा मुलगा शौर्य व्हिडिओ काढणार आहे म्हणे.

 

२७ सप्टेंबर
नवमीला जाणार नाही. घाबरून नाही. कारणं आहेत :
जैनांच्या ओळीच्या व्रताची गर्दी सुरू होणार, गाद्या कमी पडतील. तीन बस. शिवाय नवमीच्याच दिवशी सकाळी रणसिममध्ये 'महायुद्ध' आहे, वर्षातून एकदाच. जिंकलं तर एवढी नाणी मिळतात की विकून ऑपरेशन आरामात.

ताईनं माझ्यावर विश्वास न ठेवता सरळ ऑफिसात फोन केला. मुनीमजी बोलावून म्हणाले, बेटा, बापाचा दिवस आहे, चार दिवस जा, पगार कापणार नाही. आता यांना माणुसकी सुचते. मी हो म्हटलं. ताईला सांगितलं, सुट्टी नाकारली, जैन लोक आपल्या पूजेला कुठे सोडतात. ती म्हणाली, बाबांना मी काय सांगू? मी म्हटलं, सांग की यशा कामाला चिकटलाय. तेच ऐकायचं होतं ना त्यांना?

म्यान आता कोण धरणार? शौर्यच धरेल. धरू दे, फुकटचा हमाल.

२९ सप्टेंबर
बाबा स्वतः फोनवर आले. भांडायला येतील म्हणून मी आवाज तयार ठेवला होता. तर म्हणाले, राहू दे रे. नोकरी सांभाळ. पुढल्या वर्षी येशील. मी आहे अजून, हात हलका झालाय. मग म्हणाले, त्या दिवशी कात्रीवरून बोललास ते मी मनावर घेतलं नाही, बरं का. आणि फोन ठेवला.

मी काय बोललो होतो? डायरीत मागे बघितलं. एवढं काही नव्हतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळ
महायुद्ध सुरू. यावेळी सोटा घेतलाय, सगळे पॉइंट पकड आणि टिकाऊपणात. चुकांतून शिकतो तोच पुढे जातो. पंचवीस खेळाडूंपैकी चार पडले.

मधेच ताईचा व्हिडिओ कॉल. बाबा लाल पगडीत दिसले एक सेकंद, हात करत होते. कॉल कापावा लागला, नाहीतर माझा माणूस उभ्या उभ्या मेला असता.

परत कॉल. परत कापला.

दुपार
सातवा आलो. सात! बक्षीस पहिल्या पाचांना. दोन नंबरनं गेलं. ताईनं मधे कॉल केले नसते तर.

आता तिचा कॉल नाही. सतरा मिनिटांचा एक व्हिडिओ आलाय, शौर्यनं ग्रुपवर टाकलेला. डाउनलोड होतोय.

संध्याकाळ
राजवीरबरोबर बघितला. त्याला नाही दाखवायचा होता, पण खोली एकच.

बाबा चांगले दिसत होते. सूत तोडायला गेले. गाठ बोटांनी चाचपली. आमच्या घरची गाठ नव्हती ती, मी मारली होती. मग सूत तोडून उपसली. म्यानातून येताना खडखड आवाज झाला. म्हाताऱ्या लोकांनी माना वर केल्या. बाबांना कळलंय हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला तेव्हाच दिसलं. तिथेच थांबायला हवं होतं त्यांनी. म्हणायचं, तब्येत बरी नाही. पण समोर सगळी गल्ली, चहावाले शेजारी. त्यांनी हात वर नेला आणि मारला.

पातं कोहळ्याभोवती पत्र्यासारखं वळलं. सालीवर ओरखडा आला एवढाच. मूठ बाबांच्या हातात राहिली आणि पातं सुटून खाली नाचत गेलं. बाबांचं मनगट उलटं फिरलं, ते तसेच गुडघ्यावर बसले. कोणी हसलं नाही. मग एक जण हसला, मोबाईल हलतो त्यावरून शौर्यच.

शिवाजीरावकाकांनी पातं उचललं. शेंदूर पडला होता. त्यांनी चष्मा लावून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं : शुभ विवाह. मग सगळेच हसले. काका म्हणाले, मारुतीराव, कोणाची वरात काढताय?

बाबा उठले. मनगट धरून. म्हणाले, खरं पातं मी विकलं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी विकलं. घरात कोणाला माहीत नाही. चूक माझी. मग एका हातानं पगडी काढली, काढताना नीट निघेना, ताईनं मदत केली. काकांना दिली. काका मांडवाबाहेरच्या गाडीवरून दुसरा कोहळा घेऊन आले, आपल्या घरची तलवार मागवली आणि कापला. टाळ्या. पुढचं सगळं जेवणाचं आहे, पंगतीचं.

बाबा पण काय! या वयात, देवासमोर, धडधडीत खोटं बोलले. आम्हाला लहानपणी खोट्यासाठी मारायचे.

पण थंड डोक्यानं बघितलं तर विषय मिटला. माझं नाव कुठेच नाही. सगळ्यांना मान्य झालंय की त्यांनीच विकलं.

राजवीरनं व्हिडिओ परत मागे नेला. गाठ चाचपतात तिथे थांबवला. मग माझ्या नवीन फोनकडे बघितलं. पाणी तापवायला गेला, संध्याकाळी कोणी पाणी मागत नाही तरी.

२ ऑक्टोबर, दसरा
ताईला मी केला फोन. सातव्यांदा उचलला. म्हटलं, मनगट कसं आहे? प्लास्टर. हाड जुनं आहे, धारेचं चाक आता फिरवता येणार नाही म्हणाले डॉक्टर. कात्र्या परत न्यायला लोक येतायत. मी म्हटलं, मग ऑपरेशन? ती म्हणे, डोळ्याच्या डॉक्टरकडे बाबा जात नाहीत. म्हणतात, आता काय बघायचंय. आणि गेले तर काका विचारतील ना, तलवारीचे पैसे होते त्याचं झालं काय.

हे मात्र मला सुचलं नव्हतं.

मी म्हटलं, बाबांना फोन दे, मी समजावतो. ती म्हणाली, बाबांनी तुझं नाव घेतलं नाही, माझ्यासमोरसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाले, मुलगा गॅसवर दूध तापवत होता, त्याला काय माहीत. एवढं सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. यशा, आता तू फोन नको करू.

ताई रागावली की अशीच बोलते. दिवाळीपर्यंत विसरेल. मी राखी कापली ते मात्र तिच्या लक्षात कसं आलं नाही, बरं झालं.

तरी मी जबाबदारी टाळणारा नाही. ठरवलं, घरी पैसे पाठवायचे. दहा हजार. नवीन फोन विकून.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
फोन विकणं चूक ठरेल. महायुद्धात सातवा आलेला माणूस पुढच्या मोसमात पहिल्या पाचात असतोच. म्हणून पाच हजार ठरवले, पगारातून.

पगार झाला. दुध्याचे तीन दिवस कापलेले. राजवीरची कचोरी धरून जुनी उधारी होती, त्यानं मागितली नाही म्हणून मी दिली नाही, तरी त्यानं आज बिछाना उचलून दुसऱ्या खोलीत नेला, म्हणाला, भिया, तिकडे हवा चांगली आहे. आणि रणसिममध्ये टिकाऊपणाचा नवा पॅक आला होता, आजच्यापुरता अर्ध्या किमतीत. तो घ्यावाच लागला. धडा शिकलोय ना.

मग शांतपणे विचार केला की नक्की नुकसान काय झालं? पातं माझ्याच वाटणीचं होतं, पुढेमागे. मनगट वयामुळे. पगडी कधीतरी जाणारच होती. खरं बाहेरचं नुकसान म्हणजे दुसरा कोहळा, तो काकांच्या खिशातून गेला, आणि व्हिडिओत काका त्याच्या किमतीवरून गाडीवाल्याशी घासाघीस करताना स्पष्ट ऐकू येतात. काकांचे उपकार आमच्या घराण्यावर नकोत.

बाबांच्या नावानं कोहळ्याचे आत्ताच पाठवले : साठ रुपये.